चौदा टक्क्यांचे बोट

कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जे परिशिष्ट जोडलेले आहे, त्यात मनुष्यदेहाचा हिशेब इतक्या बारकाईने मांडलेला आहे की, ते वाचताना एखाद्या जुन्या सावकाराची खतावणी उघडल्याचा भास व्हावा. अंगठा गेला तर अर्जनशक्तीची हानी तीस टक्के, तर्जनी समूळ गेली तर चौदा, तिचे एकच पेर गेले तर नऊ, आणि हाडाला धक्का न लागता नुसता शेंडा छाटला गेला तर पाच. या तक्त्याची कुचेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. १९२३ साली हा कायदा झाला तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे काम आमच्याच गिरगावात, सँडहर्स्ट रोडवरील भारत सेवक समाजाच्या वास्तूतून चाले. आणि अशा माणसांच्या खटपटीमुळे जखमी कामगाराला मालकाच्या दयेऐवजी हक्काची रक्कम मागता येऊ लागली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कायद्याने बोटाचा भाव ठरवला म्हणजे बोटाच्या धन्याचा प्रश्न मिटला, असा जो समज मालकांत, सरकारदरबारी आणि, खेदाने म्हणावे लागते, कामगार संघटनांतही रूढ झाला आहे, तो मला साफ चुकीचा वाटतो. आणि त्याचाच समाचार येथे घ्यावयाचा आहे.

कांदेवाडीच्या बाजूला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका लहानशा छापखान्यात एके काळी माझे प्रुफांच्या निमित्ताने जाणेयेणे होते. दोन ट्रेडल छपाईयंत्रे, एक कटिंग मशीन, सहा-सात माणसे आणि शाई-रॉकेलचा कायमचा दर्प. ट्रेडलचा जबडा तासात हजाराच्या आसपास वेळा उघडतो आणि मिटतो. तो उघडा असेल तेवढ्या निमिषात उजव्या हाताने कोरा कागद लावायचा आणि डाव्या हाताने छापलेला उचलायचा, हे काम मुरलेला मशिनमन गप्पा मारीत करतो. एके दिवशी तिथल्या मशिनमनचा कागद किंचित तिरका बसला. तिरका कागद सरळ करावा ही वीस वर्षांची सवय मनात नव्हे, बोटांतच भिनलेली असते. हात पुढे गेला आणि उजवी तर्जनी गेली. मालक वाईट नव्हता. त्याने रुग्णालयाचा खर्च केला, भरपाई बिनतक्रार दिली, वर चार पैसे हातावर ठेवले आणि म्हणाला, "आता गावी जा, आराम कर. पूर्ण बरा झालास की ये." मनुष्य राजापूरकडे गेला. पाच महिन्यांनी परतला तेव्हा जखम भरलेली होती, पण शेजारची दोन बोटे वाकवायची कशी हे कोणीच न शिकवल्यामुळे ती ताठरली होती, आणि ट्रेडलवर दुसरा मुलगा उभा होता. मालकाने चहा मागवला, घरची चौकशी केली आणि जागा नसल्याचे सांगितले. चौदा टक्के हानी झालेल्या माणसाची नोकरी शंभर टक्के गेली.

"पूर्ण बरा झालास की ये" हे वाक्य दयेचे आहे, आणि बहुतेक प्रकरणे ह्याच वाक्यापाशी दफ्तरदाखल होतात. त्यामागचा पूर्वपक्ष असा की, जखमी माणसाला काम हे ओझे आहे आणि विश्रांती हे औषध आहे. म्हणून काम आणि उपचार यांची गाठ पडता कामा नये. जखमेच्या पहिल्या आठवड्यापुरते हे खरे आहे. त्यानंतर हात वापरला नाही तर सांधा आखडतो, आणि माणूस खात्यात दिसला नाही तर त्याची जागा भरली जाते. पहिली गोष्ट वैद्याला ठाऊक असते, दुसरी मुकादमाला, पण त्या दोघांची भेट कधी होत नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा दरवाजाशी बदली कामगार उभेच असत. परळ-लालबागच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

कायद्यानेही हा पूर्वपक्ष नकळत मान्य केला आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या ७३ व्या कलमान्वये, तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला मालक कमी करू शकत नव्हता, ही तरतूद उत्तम होती. पण त्याच कायद्याचे ६३ वे कलम सांगत असे की ज्या दिवशी तो काम करील त्या दिवसाचा भत्ता त्याला मिळणार नाही. परिणामी कायद्याच्या लेखी माणूस एक तर 'अनफिट' किंवा 'फिट'. दोन तास बसून काम करू शकणारा, उजव्या हाताने उचलू शकणारा पण डाव्याने न उचलू शकणारा, असा जो मधला मनुष्य प्रत्यक्षात प्रत्येक जखमेनंतर काही आठवडे अस्तित्वात असतो, त्याला दफ्तरात रकाना नाही. आणि ज्या दिवशी डॉक्टर 'फिट' लिहितो त्या एकाच दिवशी त्याचा भत्ताही बंद होतो आणि संरक्षणही संपते. कांदेवाडीतल्या सहा-सात माणसांच्या छापखान्याला तर ही योजना लागूच नव्हती. दहा माणसांखालच्या गाळ्यांची हीच कथा आहे.

न्यायालयांनी तक्त्याची मर्यादा ओळखली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या एका सुताराला, एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून, आयुक्ताने शंभर टक्के हानीची भरपाई दिली, आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. निर्णय न्याय्यच आहे. मात्र सुतारकामातले मोजमाप, लाकडाची पारख, मुलांना शिकवणे, यांतले काय त्या माणसाला करता आले असते, हा प्रश्न विचारणे न्यायालयाचे काम नव्हते. आणि ज्याचे ते काम असावे असा अधिकारी आपल्या व्यवस्थेत कोठेच नाही.

जखमी कामगार सोंग करतो, हा मालकवर्गाचा आवडता आक्षेप. काही जण करतात. पण ज्याला परतण्याची वाट दिसत नाही तोच घरी राहण्याची कारणे शोधतो, आणि दर आठवड्याला विचारपूस करणारे माणूस असले की सोंग टिकत नाही. एवढे उत्तर पुरे.

खरा जड आक्षेप संघटनांचा आहे, आणि तो मी आदराने ऐकतो. त्या म्हणतात की, 'हलके काम' हा मालकाचा डाव आहे. कायद्याप्रमाणे, ज्या अपघातामुळे कामगार अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही, त्याची नोटीस द्यावी लागते. म्हणून पट्टी बांधलेल्या माणसाला रिक्षातून आणून, हजेरीपटावर सही करवून, ऑफिसातल्या स्टुलावर दिवसभर बसवून ठेवायचे आणि 'आमच्याकडे अपघात नाहीत' असा फलक दरवाजावर रंगवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. हे मी नाकारीत नाही. स्टुलावर बसलेला तो मनुष्य मी पाहिला आहे. त्याच्यासमोर ठेवलेले वर्तमानपत्र तो उलटे धरून बसला होता. परंतु येथे संघटनांनी एक तर्कदोष केला आहे. नाणे खोटे पाडले जाते म्हणून कोणी व्यवहारातून नाणेच काढून टाकीत नाही. स्टुलावर बसवणे म्हणजे कामावर परत आणणे नव्हे, कारण त्यात कामही नाही आणि परतणेही नाही. कामगाराची लेखी संमती, उपचार करणाऱ्या (मालकाने नेमलेल्या नव्हे) डॉक्टरचा शब्द, पूर्ण पगार, अपघाताची नोटीस आधी दिलेली असणे, आणि ज्या यंत्राने जखम केली त्याला कठडा वा अटकाव बसवलेला असणे, या अटी घाला. मग हलक्या कामाचा डाव करणे मालकाला परवडणार नाही. त्यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. त्याच उघड्या जबड्यापुढे माणसाला पुन्हा उभा करणे हे पुनर्वसन नव्हे, विश्वासघात आहे.

खंडन पुष्कळ झाले. मंडन करताना मला परळकडे पाहावे लागते. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांना जमवून फॅक्टरी कमिशनपुढे जो अर्ज केला, ज्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या, त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना पाठ आहे. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन द्यावे, आणि जो जन्माचा अधू झाला त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज करावी. शब्द लक्षात घ्या. लोखंडे बोटाची किंमत मागत नव्हते, उपजीविकेची तजवीज मागत होते. त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत अपघात विम्याचा कायदा झाला. पुढे तेथे निवृत्तिवेतनाआधी पुनर्वसन हे तत्त्व रुजले आणि २००४ पासून तर वर्षभरात सहा आठवड्यांहून अधिक आजारी राहिलेल्या कामगाराला परत कसे आणता येईल, याची बोलणी त्याच्याशी करणे मालकावर बंधनकारक झाले. सुपारीबागेतला अर्ज आणि बर्लिनचा कायदा एकाच वयाचे आहेत. एकाला वारस मिळाले.

साधनांचा अभाव म्हणावा तर तोही नाही. व्यवसायोपचार, म्हणजे काम हेच औषध मानणारे शास्त्र, आपल्या देशात पहिल्यांदा शिकवले गेले ते परळच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली, कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने. १९५५ साली हाजी अलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. राज्य विमा योजनेचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय परळलाच आहे. गिरगावातून बसने कोठेही जा, अर्धापाऊण तासाचा प्रश्न. असे असून राजापूरला गेलेल्या त्या मशिनमनची ताठरलेली बोटे यांपैकी एकाही ठिकाणी पोचली नाहीत. कारण ती पोचवणे हे कोणाचेच काम नव्हते.

'रुजू' हा शब्द आपण कचेरीत दिवसातून दहा वेळा वापरतो; त्याच्या मूळ अरबी शब्दाचा अर्थच परत येणे असा आहे. माणसाला रुजू करून घेणे हे एका जबाबदार व्यक्तीचे नेमून दिलेले काम असावे, एवढेच माझे प्रतिपादन आहे. तिला केस मॅनेजर म्हणा, वा मराठीत काही म्हणा. कांदेवाडीच्याच पलीकडच्या एका छापखान्यात कटिंग मशीनवर एका बाइंडरची डाव्या हाताची दोन बोटे गेली, तेव्हा हे काम हिशेब पाहणाऱ्या मालकीणबाईंनी केले. कामगार त्यांना वहिनी म्हणत. 'फिट आहे का?' असे न विचारता, उभे किती वेळ राहता येईल, डाव्या हाताने किती वजन उचलता येईल, आणि सरस-शाई जखमेला चालेल का, हे तीन प्रश्न त्यांनी एका रद्द झालेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून नेले आणि डॉक्टरांकडून उत्तरे लिहून आणली. तिसऱ्या आठवड्यात तो दोन तास येऊन पत्रिकांचे शंभराचे गठ्ठे मोजू लागला, सहाव्या आठवड्यात अर्धा दिवस, पगार पुरा. हाताचे व्यायाम केले की नाही, हे वहिनी दर शनिवारी पगाराच्या पाकिटाबरोबर विचारीत. आणि तो मशीनपाशी जाण्यापूर्वी त्यांनी मेकॅनिक बोलावून अशी योजना करवली की, दोन्ही हातांनी दोन कळी दाबल्याखेरीज पाते खाली येऊच नये.

लहान मालकाला हे झेपत नाही, असे कोणी म्हणेल. सरकारला मात्र झेपते: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमाने, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतील माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर उतरवता येत नाही, जमेल ते काम त्याच वेतनश्रेणीत द्यावे लागते. खासगी गाळ्यातल्या माणसाचे बोट काही निराळ्या हाडाचे नसते. एका मालकाला माणूस नेमणे जड असेल तर चाळीस छापखान्यांनी मिळून एक नेमावा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याने पाचशे कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी सक्तीचा केला होता, तर पाचशे कामगारांच्या वाडीला का नसावा?

तोवर संघटनांच्या चिटणीसांना आणि मुद्रकांच्या संघांना माझी एवढीच विनंती आहे की, पुढील कराराच्या मसुद्यात भरपाईच्या कलमाखाली तीन ओळी वाढवाव्यात: जखमीची जागा सहा महिने कायमची भरू नये, त्याला रुजू करून घेण्याची जबाबदारी कोणाची, त्या व्यक्तीचे नाव करारातच लिहावे, आणि 'फिट' हा शब्द डॉक्टरने एकटा लिहू नये, त्याच्यापुढे 'कशासाठी' हेही लिहावे.