चूक कुणाची हे विचारण्याआधी सोनं कुठं आहे ते विचारा

काही वर्षांपूर्वी उदगीरला आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरी बैठक बसली होती. अकरा वर्षांचं लग्न मोडत होतं. बाहेरच्या खोलीत दोन्हीकडचे दहा-बारा पुरुष, आतल्या खोलीत पडद्याआड ती. मला बोलावलं होतं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मराठीत कागद लिहिता येतो.

नवऱ्यानं लपवून दुसरा निकाह केला होता, हे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी दोन तास चर्चा झाली ती तिच्याच वागण्याची. मोबाइलवर कुणाशी बोलते, न विचारता माहेरी का जाते, सासूला उलटून का बोलते. शेवटी एक बुजुर्ग म्हणाले, "मेहर माफ कर दे बेटी, और छुट्टी पा." मी बाँड पेपरवर लिहिलं, "मी माझी मेहरची रक्कम राजीखुशीनं माफ करत असून यापुढं माझा कोणताही हक्क उरलेला नाही." कागद आत गेला आणि सही होऊन बाहेर आला. तिचं सहा तोळे सोनं मोडून घेतलेला प्लॉट नवऱ्याच्या नावावर होता. त्याचं नावही निघालं नाही. मीही काढलं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. लग्नात कुणी वाईट वागलं, तर त्याचा परिणाम तलाकनंतरच्या पैशांवर, मालमत्तेवर व्हावा का? पटकन उत्तर येतं, व्हावा. ज्यानं फसवलं त्यानं भरावं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण ती बैठक आठवली की वाटतं, तिथं चुकीचा हिशेब मांडायला बसलेल्यांनी फसवणाऱ्याला सोडून दिलं आणि फसवलेलीलाच पिंजऱ्यात उभं केलं. नियम कागदावर दोघांना सारखा असेल, पण चारित्र्याची चौकशी आपल्याकडं कुणाची होते हे वेगळं सांगायला नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये कायमची पोटगी ठरवताना दोघांचं उत्पन्न, मालमत्ता आणि त्यांचं 'वर्तन' पाहायला सांगितलंय. आपल्यासाठी १९८६ चा मुस्लिम महिला कायदा आहे. शाहबानो निकालानंतर घाईत आलेला, म्हणून सगळ्यांनी झोडपलेला. पण त्याचं कलम ३ शांतपणे वाचा. तलाक झालेल्या बाईला चार गोष्टी मिळाल्या पाहिजेत. वाजवी आणि न्याय्य तरतूद व इद्दतचा खर्च, मूल तिच्याकडं असेल तर त्याच्या जन्मापासून दोन वर्षांचा खर्च, मेहर, आणि लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तिला माहेरकडून, सासरकडून, मित्रमंडळींकडून मिळालेली सगळी मालमत्ता. तरतुदीचा आकडा ठरवताना मॅजिस्ट्रेटनं तीन गोष्टी पाहायच्या: तिची गरज, लग्नात असतानाचं राहणीमान आणि नवऱ्याची ऐपत. वर्तनाचा उल्लेख त्यात नाही.

ही तरतूद फक्त इद्दतच्या तीन महिन्यांपुरती नाही, पुढच्या आयुष्यासाठी आहे. हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २००० मध्ये सांगितलं आणि २८ सप्टेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं दानियल लतीफी खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. नवऱ्यानं ती इद्दतच्या आत द्यायची, पण द्यायची पुढच्या काळाचा विचार करून. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की मुस्लिम बाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही दाद मागू शकते. आता ते नव्या संहितेत कलम १४४ आहे. फरक एवढाच लक्षात ठेवा की त्या कलमात व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाही, अशी अट आहे. म्हणजे समोरच्याला तसा आरोप करायला दार उघडं राहतं. १९८६ च्या कायद्यात ते दार नाही.

कुणी म्हणेल, शरियत तर चूक पाहते. बरोबर आहे, पण ती कशी पाहते? साबित बिन कैस यांच्या पत्नीचा किस्सा आपण खुलाच्या संदर्भात नेहमी ऐकतो. तिनं मेहरमध्ये मिळालेली बाग परत केली. पण तिनं स्वतःच सांगितलं होतं की नवऱ्याच्या दीनमध्ये किंवा अखलाकमध्ये दोष नाही, तिलाच राहायचं नाही. जिथं दोष नवऱ्याचा असेल, तिथं खुलाच्या बदल्यात त्यानं काही घेणं हनफी फुकहांनीही मकरूह ठरवलंय. सूरह निसामध्ये तर दिलेला ढीगभर माल परत घेऊ नका, अशी ताकीद आहे. तिला त्रास देऊन सोडायला लावू नका, असंही आहे. आमच्या बैठकीत नेमकं तेच झालं. दोष त्याचा आणि मेहर तिनं सोडली. तो खुला नव्हता, ती वसुली होती.

त्याच सूरहमध्ये उघड बदकारीचा अपवाद आहे, हे मी लपवत नाही. बाईनं काहीही केलं तरी चालेल का, हा प्रश्न बैठकीत विचारलाच जातो. पण ज्या दीननं तसा आरोप सिद्ध करायला चार साक्षीदार मागितले आणि खोटा आरोप करणाऱ्याला ऐंशी फटक्यांची सजा सांगितली, त्या दीनच्या नावानं आपण कॉल हिस्ट्रीवरून निकाल देतो. पुरावा नसलेली कुजबुज मेहर बुडवायला पुरेशी कशी होते?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. हिशेबाची तीन खाती करा. पहिलं, जे तिचंच आहे: मेहर, दागिने, सामान. ते तिची वागणूक चांगली असो वा वाईट, तिचंच. दुसरं, तरतूद: ती गरज आणि ऐपत पाहून ठरवा, चारित्र्य पाहून नको. तिसरं, पैशातली गैरवर्तणूक: तिचं सोनं मोडलं, प्लॉट भावाच्या नावावर फिरवला, तिच्या पगारावर कर्ज काढलं. याचा पै-पैचा हिशेब झालाच पाहिजे. वर्तन मोजायचंच असेल तर हे मोजा. हे कागदावर दिसतं, त्याला पडद्याआडच्या उलटतपासणीची गरज नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानं पत्नीची मालमत्ता विकून टाकणं किंवा तिच्या मालमत्तेवरच्या हक्काच्या आड येणं याला क्रूरतेतच धरलंय. ऐंशी वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही.

एक दुखरी जागा मात्र उरतेच. संसारात दोघांनी मिळून उभं केलेलं, पण एकाच्या नावावर असलेलं घर. गोव्यात नागरी कायद्यानुसार लग्नात सर्वसाधारणपणे मालमत्ता दोघांची समान मानली जाते आणि तिथल्या मुसलमानांनाही तो लागू आहे. महाराष्ट्रात तसं नाही, मग तुम्ही कोणत्याही धर्माचे असा. २०१३ मध्ये राज्यसभेनं पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देणारं विधेयक मंजूर केलं होतं. तेही हिंदू विवाह आणि विशेष विवाह कायद्यापुरतंच होतं, आणि पुढं बारगळलं. त्यामुळं सातबारा, खरेदीखत ज्याच्या नावावर, घर त्याचं.

यावर उपाय आपल्या हातात आहे, आणि तो तलाकच्या नाही, निकाहच्या दिवशी करायचा आहे. मेहर हजार-पाचशेची नको, ऐपतीची लिहा, आणि दिली असेल तर पावती घ्या. दिलेल्या वस्तूंची, दागिन्यांची यादी वजनासह निकाहनाम्याला जोडा. २०२५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात वडिलांनी जावयाला दिलेली रक्कम आणि सोनंही तलाक झालेल्या मुलीला मिळावं असा निकाल दिला. तिथं विवाह नोंदणीतल्या नोंदी फार महत्त्वाच्या ठरल्या. प्लॉट घेताना दोघांची नावं घाला. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली होती. मोहल्ल्यातल्या तरुणांना तेवढंही जमू नये?

आणि बैठकीबद्दल. २००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठानं दगडू पठाण प्रकरणात सांगितलं की तलाकला वाजवी कारण हवं आणि आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा. ही मध्यस्थांची गोष्ट कुरआनातलीच आहे. मध्यस्थ घर जोडायला बसतात, मेहर माफ करून घ्यायला नाही.

तो कागद अजून कुणाच्या तरी कपाटात असेल. 'राजीखुशीनं' हा शब्द मी लिहिला होता, तिनं सांगितला नव्हता. पुन्हा कुणी बोलावलं तर मी जाईन. पण पेन उघडण्याआधी पडद्याआड जाऊन तिलाच विचारीन, आपा, सोनं किती होतं आणि आता कुठं आहे?