विषाणूच हमाल झाला, पण गोळी सोडू नका

आमच्या वस्तीतल्या एका भगिनीने मध्यंतरी एआरटीच्या गोळ्या बंद केल्या. कित्येक वर्षे नेमाने घेत होती. का बंद केल्या म्हणून विचारले, तर तिने मोबाईल पुढे केला. ‘स्टेम सेलने एचआयव्ही मुळासकट बरा’ असा व्हिडिओ, खाली फोन नंबर. समजावून तिला परत केंद्रावर नेले. पण त्या व्हिडिओत सगळेच खोटे नव्हते, म्हणून हे लिहावे लागते आहे.

टिमोथी रे ब्राऊन नावाच्या अमेरिकन माणसाला एचआयव्ही होता आणि रक्ताचा कर्करोगही झाला. २००७ साली बर्लिनमध्ये त्याला दुसऱ्याच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, दिल्या. एचआयव्ही पांढऱ्या पेशीत शिरतो तो बहुधा सीसीआर-५ नावाच्या दारातून. या दात्याच्या पेशींना जन्मतःच ते दार नव्हते. ब्राऊन २०२० साली कर्करोग उलटून वारला, पण एचआयव्ही शेवटपर्यंत परतला नाही.

असा दाता मिळणे फार दुर्मिळ. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, रोग्याच्याच मूळ पेशी काढून त्यांना एचआयव्हीशी लढणारा जनुक द्यायचा. तो पेशीच्या आत पोचवणार कोण? पेशीत शिरण्यात विषाणूइतका पटाईत दुसरा कोणी नाही. म्हणून एचआयव्हीचाच रोग करणारा ऐवज काढून टाकला, नुसते खोके ठेवले आणि त्यात उपयोगाचा जनुक भरला. चोराला हमाल केले म्हणा ना! याला लेंटिव्हायरल वाहक म्हणतात. या वाहकापासून एचआयव्हीची लागण होत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप संस्थेने हा प्रयोग चार रोग्यांवर केला. त्याचा अहवाल २०१० साली आला. चौघांनाही कर्करोग होता, पेशीरोपण तसेही करायचेच होते. बदललेल्या पेशी दोन वर्षांपर्यंत रक्तात सापडल्या, पण इतक्या थोड्या की त्यांच्या बळावर एचआयव्ही हटणे शक्य नव्हते. नव्या पेशींना जागा करायची तर आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते. तिच्यात जंतुसंसर्गाने जीवही जाऊ शकतो. शिवाय वाहकाने जनुक भलत्या जागी टाकला तर नवाच कर्करोग. मेंदूच्या एका आनुवंशिक आजारावर याच जातीचा वाहक वापरला, तेव्हा ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. गोळ्यांवर ठणठणीत असलेल्या माणसाला या धोक्यात ढकलणे आम्हाला पटत नाही.

प्रयोग मात्र चालावेत, असेच आमचे मत आहे. रोज गोळी, ती लपवून ठेवायची, सासरी कळेल याची धास्ती. यातून सुटका कोणाला नको? पण प्रयोगाला रोग्याकडून पैसे घेत नाहीत. आपल्या देशात स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या काही आजारांपुरताच आहे. बाकी सगळे प्रयोगातच मोडते, असे आयसीएमआरचे नियम सांगतात. एचआयव्हीसाठी कोणी स्टेम सेलचे पैसे मागितले, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजा.

दुसरी काळजी किमतीची. मुंबईत आयआयटी आणि टाटा रुग्णालयाने मिळून कर्करोगावर पेशी उपचार तयार केला. त्यातही लेंटिव्हायरल वाहकच आहे. २०२३ मध्ये परवानगी मिळाली. परदेशापेक्षा पुष्कळ स्वस्त, तरी खर्च चाळीस लाखांच्या घरात. उद्या एचआयव्हीवरचा उपचार आला, तर आपल्या वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई तो कुठून घेणार? २००४ पासून सरकारी केंद्रात एआरटी फुकट मिळते, ती एचआयव्हीबाधितांनी आवाज उठवला म्हणून. हा प्रश्नही आजच विचारायला हवा.

तोवर गोळी चुकवू नका. व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. शंका असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. आमच्या त्या भगिनीची व्हायरल लोडची तपासणी ठरली आहे; त्या दिवशी आमच्यातली एक जण तिच्यासोबत जाणार आहे.