कंबर धरली, आता काय करू?

मैत्रिणींनो, पाऊस सुरू झाला की आपल्याकडे एक तक्रार घरोघरी ऐकू येते. मालवण, कुडाळ, कणकवलीत राहणाऱ्या सुना दोन दिवसांची सवड काढून लावणीला गावी जातात आणि परत येतात त्या कंबरेवर हात ठेवूनच. पुढे चवथ येते. माळ्यावरची भांडी खाली काढायची, घर झाडायचं, नारळाची रास सोलायची. त्यातच एखादी वाकलेली बाई वर उठेना होते आणि "कंबर धरली गो बाय!" म्हणून घरात धावपळ उडते.

या दुखण्यात आपण बायका दोन टोकं गाठतो. एक तर महिनोन् महिने अंगावर काढतो, नाहीतर ऑपरेशनच्या धास्तीने झोप घालवतो. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी आधी आपल्या कण्याची थोडी ओळख करून घेऊ.

कणा असतो कसा?

मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ असे मणके एकावर एक रचलेले असतात आणि खाली माकडहाडापर्यंत जुळलेली हाडं असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिला बाहेरून काथ्यासारखं चिवट धाग्यांचं कडं आणि आत शहाळ्याच्या मलईसारखा गर. होडीची डोलकाठी जशी दोरांनी ताणून उभी राहते, तसा हा कणा पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंनी उभा राहतो. दोर सैल पडले की काठी डगमगणारच!

बहुतेक वेळा दुखतात ते हे स्नायू आणि सांध्यांचे बंध. कधी कधी गादीतला गर बाहेर येऊन शिरेवर दाब पडतो. मग कळ कुल्ल्यातून थेट पोटरीपर्यंत, पावलापर्यंत जाते. तिला सायटिका म्हणतात.

आठवडाभर खुर्चीवर किंवा ओट्यापाशी काम करायचं आणि मग एकदम दोन दिवस तरवा लावत चिखलात वाकायचं, हे सवय नसलेल्या पाठीला झेपत नाही. आखूड वाढवणीने अख्खं खळं झाडणं, भरलेली कळशी नेहमी एकाच कुशीवर घेणं, तासभर विळीवर बसून झटक्यात उठणं, यांनीही तेच होतं.

दोन समजुती

"सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली," असं अनेकजणी सांगतात. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, हे खरं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा त्या सुईशी संबंध आढळलेला नाही. गरोदरपणात पोटाचे स्नायू ताणून सैल होतात, पुढे बाळाला उचलणं, वाकून न्हाऊ घालणं आणि अपुरी झोप. खरं कारण बहुधा तिथे असतं.

दुसरी समजूत, "अंगावरून पांढरं जातं, म्हणून हाडं पोकळ होऊन कंबर दुखते." पांढरं जाण्याने हाडं झिजत नाहीत. शेजारच्या उत्तर गोव्यात २००१ ते २००३ या काळात सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी झाली. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा मेळ जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त बसला. अर्थात स्रावाला घाण वास असेल, खाज किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर न लाजता डॉक्टरांना दाखवा.

घरी काय करावं?

पायाळू माणसाची लाथ खाल्ली की उसण जाते, हे तुम्ही ऐकलं असेलच. त्या लाथेला यश येतं, कारण साधी उसण पुष्कळदा थोड्या दिवसांत आपली आपणच उतरते, लाथ न खाताही! तोवर गरम पाण्याच्या पिशवीने शेका, हलक्या हाताने तेल लावून घ्या. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडेच दिवस. महिनोन् महिने घेतली तर जठर आणि मूत्रपिंड बिघडतं.

मात्र अंथरूण धरू नका. फिनलंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तितकी रोजची कामं करणारे लवकर बरे झाले. घरात चाला, थोडं काम करा, थोडं टेका. जड उचलणं तेवढं टाळा.

कळ ओसरली की व्यायाम सुरू करा. उताणं झोपून गुडघे वाकवा आणि एकेक गुडघा छातीशी घ्या. मग तसंच पडून कंबर हळूच वर उचला, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. नंतर हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर न्या, खाली आणा. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, आणि रोज अर्धा तास चालणं. पायात कळ वाढली तर थांबा. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फोटो आणि ऑपरेशन

बांबोळीला किंवा कोल्हापूरला जाऊन एम.आर.आय. काढला आणि त्यात 'गाद्या झिजल्या' असं आलं, की घर हादरतं. पण २०१५ साली अशा अनेक पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांतही शंभरात ८० जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकावेत तसंच हे. फोटोवर नव्हे, बाईच्या त्रासावर उपचार ठरतो.

सायटिकाचंही तसंच. नेदरलंडमध्ये सहा ते बारा आठवडे पाय दुखणाऱ्या २८३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला गरज पडली तरच. निष्कर्ष २००७ साली आले. ऑपरेशनने कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांत शंभरातले ९५ जण बरे होते. थांबलेल्यांपैकी शंभरात सुमारे ३९ जणांना पुढे ऑपरेशन लागलं, बाकीच्यांचं टळलं. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही, पण सहसा घाई नसते.

तीन महिन्यांपेक्षा जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये व्यायामावरच भर दिला. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं हे नेहमीचे उपाय म्हणून करू नयेत, असं सांगितलं.

इथे मात्र थांबू नका

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटू लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. इथे ऑपरेशनला उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. संध्याकाळी ताप, वजन घटणं, रात्री झोपूनही न थांबणारी कळ असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. तो औषधांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात. पाळी गेल्यानंतर साध्या पडण्यानेही मणका मोडू शकतो, म्हणून तीही कळ दाखवून घ्या. पूर्वी कॅन्सर झाला असेल तर नवी कंबरदुखी लगेच सांगा.

आणि एक शेवटचं. गॅसचं सिलिंडर सरकवायचं, तांदळाची गोणी उचलायची, पंप बंद पडला की विहिरीचं पाणी ओढायचं, ही कामं घरातल्या सुनेचीच असं कुठे लिहिलेलं नाही. यजमानांना सांगा, मुलग्यांना सांगा. कंबर धरण्याआधी सांगा.