मसूर स्टेशन ते मनमाड स्टेशन



मी देवगाव रंगारीचा. आमच्या गावाहून मुंबई गाठायची तर आधी लासूर स्टेशन, तिथून गाडी, मग मनमाड, मग पुढं मुंबई. या वाटेनं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो. चुलत्याबरोबर. चुलता गोदीत हमाल. माझ्या खिशात कागदाचा चिटोरा नव्हता. मनमाडला पोलिसानं आमच्याकडं बघितलं आणि तो पुढं गेला. त्या दिवशी त्यानं थांबून विचारलं असतं, 'हा पोरगा कुणाचा?' तर चुलत्यानं काय दाखवलं असतं? हाताचे घट्टे?

30 मे 2023 ला त्याच मनमाडला आणि त्याआधी भुसावळला दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून 59 पोरं उतरवली गेली. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली. पुण्याकडं, सांगलीकडं मदरशात शिकायला निघालेली. बरोबरच्या पाच जणांवर माणसं पळवून नेल्याचा गुन्हा लागला. ते चार आठवडे जेलात. पोरं बारा दिवस नाशिक-जळगावकडच्या बालगृहांत. मार्च 2024 मध्ये दोन्ही गुन्हे बंद झाले. का? तर म्हणे गैरसमज झाला होता.

गैरसमज! आईबापाला पाचशे कोसांवर रडवणारा हा शब्द किती साधा आहे बघा. आणि पेपरात आधी काय छापून आलं होतं? 'मुलांची सुटका.' पोरगं रडत होतं, घरी जायचं म्हणत होतं, दाराला बाहेरून कडी होती. याला सुटका म्हणतात.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये मसूर स्टेशनाची हकिकत लिहिलीय. 1901 साल. सातारहून भावंडं आणि भाचे असे चौघं पोरं आगगाडीनं बापाला भेटायला निघालेले. मसूरला उतरले. न्यायला कोणी आलं नाही. अंगावर चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर गोड बोलला. मग त्यानं जात विचारली. 'महार' म्हटल्याबरोबर तो मागं सरला. पोरं तीच, कपडे तेच. बदललं काय? फक्त एका शब्दानं त्यांच्याकडं बघायची नजर बदलली. मनमाडला एकशेबावीस वर्षांनी टोप्या बघून तीच नजर फिरली. एवढंच मला म्हणायचंय. गरिबाचं पोर स्टेशनात दिसलं की आधी संशय, मग चौकशी. श्रीमंताचं पोर मामाबरोबर चाललं तर त्याला 'सुट्टी' म्हणतात.

हे मी पेपर वाचून बोलत नाही. आमच्या टोळीत एक बिहारी गडी आहे. मुसलमान. आई गेली म्हणून अकरा वर्षांच्या भावाला मुंबईला आणत होता, खोलीजवळच्या शाळेत घालायला. स्टेशनात हा तिकिटाच्या रांगेत, पोरगं गाठोड्यावर बसलेलं. परत येतो तर गाठोडं आहे, पोरगं नाही. त्याला एका बालगृहात नेलेलं. भाऊ रोज दारात जायचा. रोज एकच उत्तर, 'उद्या या.' साहेबाच्या तोंडचा एक 'उद्या' म्हंजे आमची एक पाळी बुडाली. मुकादम काय खाडा माफ करत नाय.

टोळीत मॅट्रिक मी एकटा. म्हणून अर्ज मी लिहिला. तिथून विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत गेलो, आणि पुढं तिथलाच विधी स्वयंसेवक झालो. ओळखपत्र गळ्यात घालून आत गेलो तेव्हा पोराच्या फायलीत लिहिलेलं बघितलं : 'मूल माहिती देत नाही.' मी त्याच्याजवळ खाली बसलो. विचारलं, 'खाना खाया?' मग तो तासभर बोलला. शाळेचं नाव, मास्तरचं नाव, गावच्या मुखियाचं नाव, चापाकलापासून घर कितवं, सगळं. साला, एवढे दिवस त्याला त्याच्या भाषेत कुणी विचारलंच नव्हतं!

शाळेच्या मास्तरला फोन लावला. दाखल्याचा फोटो मोबाईलवर आला. भावाच्या आधारवर बापाचं नाव 'मो.', दाखल्यावर 'मोहम्मद'. या एका टिंबानं चार दिवस खाल्ले. एकोणिसाव्या दिवशी पोरगं बाहेर आलं. भावाचा हात धरून पहिलं काय विचारलं? 'अब इस्टेशन तो नहीं जाना पड़ेगा ना?'

आता कायदा ऐका. 2015 चा बाल न्याय कायदा म्हणतो, मूल 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्या. घरचा तपास 15 दिवसांत पुरा करा. वयासाठी आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला बघा, तो नसेल तरच डॉक्टर. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आणि 1987 च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक मुलाला, प्रत्येक दलित-आदिवासीला वकील फुकट. कायदा वाईट नाही. कायद्याला पाय नाहीत. पाय आपण द्यायचे.

कोणी म्हणेल, पोरं खरोखर विकली जातात, त्याचं काय? जातात. याच मुंबईत जरीच्या गाळ्यांत बिहारची पोरं कोंडून राबवली गेलीत. त्या दलालाला सोडा असं मी म्हणत नाही. पण दलाल कोण आणि भाऊ कोण, हे टोपीवरून, कातडीवरून, फाटक्या गाठोड्यावरून कळत नाही. पोराला विचारून कळतं. घरी फोन लावून कळतं. त्याला तास लागतो, महिना नाही.

आणि आपल्यातलेच काही जण मला विचारतात, 'मुसलमानाचं पोर, बिहारचं. आपल्याला काय पडलंय?' त्यांनी पँथरचा 1973 चा जाहीरनामा परत काढून वाचावा. दलित कोण? त्यात अनुसूचित जाती-जमाती आहेत, बौद्ध आहेत, कामगार, भूमिहीन, स्त्रिया आहेत आणि धर्माच्या नावाखाली ज्यांना नाडलं जातं तेही आहेत. हे वाक्य भिंतीवर लावायला लिहिलेलं नव्हतं.

मी कविता लिहितो. कवितेनं त्या दाराची कडी निघाली नाही, अर्जानं निघाली. म्हणून सांगतो, विधी स्वयंसेवक व्हायला वकिलीची सनद लागत नाही. मॅट्रिक पुरे. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात नाव घाला. शिकवतात ते शिका. मानधन मिळतं ते माझ्या एका पाळीलाही पुरत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. कोर्टात उभं राहून बोलता येणार नाही. पण पोराजवळ बसता येतं, गावाला फोन लावता येतो, 'उद्या या' म्हणणाऱ्याला 'आजची तारीख टाकून लेखी द्या' म्हणता येतं. हे एक वाक्य शिका. लई कामाचं आहे.

वस्तीत दहावी झालेली शेकडो पोरं-पोरी बसून आहेत. प्रत्येक मोठ्या स्टेशनाजवळ आपली दोघं असली पाहिजेत. मसूरला त्या चार पोरांसाठी कोणी नव्हतं. मनमाडला तरी आपण असावं.

जयभीम.

देवगाव रंगारी