निष्ठेचा पंचनामा

आमच्या साहित्यिक मंडळींत एक उतरंड ठरून गेलेली आहे. कविता सर्वांत वर, कथा तिच्या खालोखाल, आत्मकथनाला मान, आणि रहस्यकथा म्हणजे एसटीत वाचून सीटवर सोडून द्यायची चीज. इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ १९५२ साली अलाहाबादेत सुरू झाली. पुढे ते कराचीला गेले, तरी फाळणीने तोडलेल्या दोन्ही मुलखांत फरीदी आणि इम्रान सारख्याच आवडीने वाचले गेले. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी वाचकांच्या पिढ्या घडवल्या. तरीही परिसंवादात ही नावे काढली की मंडळी गालातल्या गालात हसतात.

आम्हाला हे हसू मान्य नाही. निष्ठेचा प्रश्न, जो आपल्या समाजाला उठता-बसता विचारला जातो, तो रहस्यकथेइतका उघडा करून दाखवणारा दुसरा साहित्यप्रकार आम्हाला माहीत नाही. पुरावा म्हणून एकच कादंबरी पुढे ठेवतो: रॉबर्ट हॅरिस या इंग्रज लेखकाची १९९२ सालची ‘फादरलँड’.

कादंबरीतले जग कल्पनेतले आहे. दुसरे महायुद्ध हिटलरने जिंकले आहे. साल १९६४, शहर बर्लिन. हिटलरच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाची तयारी चालू असताना तळ्याकाठी एका म्हाताऱ्याचे प्रेत सापडते. तपास येतो झेवियर मार्च या पोलीस अधिकाऱ्याकडे. अंगावर एसएसचा काळा गणवेश, पण मन त्या गणवेशात मावत नाही. आपल्या घराच्या भिंतीवरचा कागद काढताना त्याला मागे एका ज्यू कुटुंबाचा फोटो सापडला आहे. हे लोक इथे राहत होते, मग गेले कुठे? शेजारीपाजारी कुणी बोलत नाही. प्रेताचा माग काढता काढता मार्च त्याच प्रश्नाच्या उत्तरापाशी पोहोचतो.

ते उत्तर मात्र काल्पनिक नाही. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे येथील एका बंगल्यात पंधरा माणसे खरोखरच जमली होती आणि युरोपभरच्या ज्यूंच्या संहाराची सरकारी व्यवस्था लावत होती. इतिवृत्तात देशवार आकडे होते, एकूण बेरीज एक कोटी दहा लाखांच्या वर. पंधरांपैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले होते. अडाणी गुंडांची नव्हे, शिकल्यासवरल्या अधिकाऱ्यांची ती बैठक होती. खऱ्या इतिहासात जर्मनी हरली, म्हणून या इतिवृत्ताची एक प्रत १९४७ साली हाती लागली. कादंबरीत जर्मनी जिंकली आहे, म्हणून साक्षीदार एकेक करून मारले जात आहेत.

ही शिकलेली माणसे तिथवर कशी पोहोचली? निष्ठेच्याच पायरीने. ऑगस्ट १९३४ मध्ये जर्मनीतल्या सैनिकांची आणि सरकारी नोकरांची शपथ बदलली. पूर्वी ती राज्यघटनेशी होती, आता हिटलरच्या नावाने घ्यायची. सरकारी नोकरांत शिक्षकही आले. आम्ही शिक्षक आहोत म्हणून हा तपशील आम्हाला जास्त टोचतो. अनेक ज्यू शिक्षकांना १९३३च्या कायद्याने आधीच काढलेले होते. उरलेल्यांनी शपथ घेतली, हजेरी मांडली आणि फळ्यावर तारीख लिहून धडा सुरू केला.

आता कादंबरीतला सर्वांत कठीण भाग. मार्चला दहा वर्षांचा मुलगा आहे, पिली. तोच बापाला गेस्टापोच्या हवाली करतो. कुणी म्हणेल, यात त्या मुलाचे काय चुकले? कुराणाच्या सूरह निसामधील १३५व्या आयतीतही इन्साफासाठी स्वतःविरुद्ध, आई-बापाविरुद्धसुद्धा गवाही द्यायला सांगितले आहे. हा आक्षेप हलका नाही. पण गवाही आणि चुगली यांत फरक आहे. गवाही न्यायासाठी असते आणि ती सत्य उघडे करते. चुगली सत्तेसाठी असते आणि ती सत्य पुरायला मदत करते. मुलाने बापाला त्यांच्या हाती दिले, ज्यांना प्रेते लपवायची होती. बापाने स्वतःचा गणवेश, नोकरी आणि जीव पणाला लावून त्यांची बाजू मांडली, ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी उरले नव्हते. आयत ऐकली ती बापाने. मुलाला फक्त हुकूम ऐकू आला, आणि तो दोषही मुलाचा नव्हे, त्याला तसे घडवणाऱ्या शाळेचा आहे.

तिथले इथे आहे, असे म्हणण्याची आमची इच्छा नाही. अशा तुलना स्वस्त असतात आणि मेलेल्यांचा अपमान करतात. पण निष्ठा मागण्याची तऱ्हा ओळखायला शिकावे लागते. क्रिकेटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याला ‘तू कुणाच्या बाजूने होतास?’ असे विचारणारा त्याच्याकडून देशप्रेम मागत नसतो, पुरावा मागत असतो. आरोप आधी, तपास नंतर.

आणि हे बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. आपल्या मोहल्ल्यातही शपथा घेतल्या जातात. तलाकपीडित बहिणीबद्दल लिहिले की ‘घरचे बाहेर काढू नका’, जमातीच्या पैशाचा हिशेब विचारला की ‘दुश्मनांच्या हातात कोलीत देऊ नका’. हमीद दलवाईंची सगळी मते पटोत न पटोत, त्यांना कौमचे दुश्मन ठरवणारे कमी नव्हते. बाहेरचा म्हणतो, आमच्यासारखा बोल. आतला म्हणतो, बोलूच नकोस. या दोघांच्या मधोमध उभा असलेला माणूस म्हणजेच रहस्यकथेतला तपासनीस. त्याला दोन्ही बाजू गद्दार म्हणतात, कारण तो पुराव्याशी वफादार असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मुस्लिम मराठी साहित्यात दुःख पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहायलाच हवे होते. आता कुणीतरी रहस्यकथा लिहावी. तपास करणारा आपल्यातला असावा, प्रेत आपल्याच गल्लीत सापडावे, आणि वर्दी व बिरादरी दोन्ही ‘प्रकरण मिटवा’ म्हणत असताना त्याने पंचनामा पुरा करावा. शेवटी खुनी कुणाच्या बाजूचा निघतो, हे लेखकाने आधी ठरवू नये.