अपील त्यालाच का?

पालघर जिल्ह्यातल्या तलासरीच्या पाड्यावरची बाई नवऱ्याविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा सासरच काय, अर्धा पाडा तिच्यावर उलटतो. मग मजुरी बुडवून डहाणूच्या कोर्टात तारखा आणि उलटतपासणीत चारित्र्यावर चिखल. इतकं सोसून नवरा दोषी ठरला, तरी बहुतेक वेळा तो त्याच संध्याकाळी पाड्यावर परत येतो.

कायद्यानेच ही सोय केली आहे. पत्नीच्या छळाला, जुन्या दंड संहितेच्या कलम ४९८अ खाली काय किंवा १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेच्या कलम ८५ खाली काय, जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षं. आरोपी जामिनावर असेल आणि अपील करतो म्हणाला, तर विशेष कारण नसल्यास शिक्षा देणारं कोर्टच त्याला सोडतं. ती कुठे राहील, हे मात्र कुणी विचारत नाही.

आरोपीने अपील जरूर करावं, तो त्याचा हक्क आहे; पण त्याचा निकालही वेळेत लागायला हवा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या एका विवाहितेने २००२ मध्ये आत्महत्या केली. सासरच्यांना २००४ मध्ये शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. २० वर्षं! ते निर्दोष होते, तर इतकी वर्षं त्यांच्या कपाळी तो शिक्का का? असा विलंब दोन्ही बाजूंवर अन्याय करतो.

पण खरी चीड वेगळीच आहे. शिक्षा जास्त वाटली तर नवरा सत्र न्यायालयात जातो. कमी वाटली तर ती जाऊ शकत नाही! आरोपी सुटला, सौम्य गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडितेला अपील आहे. शिक्षा अपुरी असेल तर नाही. तो अधिकार सरकारचा, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये परविंदर कंसल खटल्यात सांगितलं. पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो, पण तो कोर्टाच्या विवेकावर. अपिलासारखा हक्क नव्हे. हाडं तिची मोडली आणि शिक्षा पुरेशी आहे की नाही, हे मंत्रालय ठरवणार. मला हे मान्य नाही.

पीडितेला अपिलाचा हक्क देणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये ‘अपुरी शिक्षा’ हे दोन शब्द घाला. पालघरच्या खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी, आणि तोवर शिक्षा झालेल्या नवऱ्याला जामीन देण्यापूर्वी कोर्टाने पत्नीचं म्हणणं ऐकावं.