खेळांचे प्रक्षेपण आणि आपला गल्ला

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडे दुपारचा एक वाजून गेला होता. ऐन धंद्याची वेळ. गल्ल्यावर बसलेल्या ज्या दुकानदारांनी तो सामना पाहिला, त्यांतल्या बहुतेकांनी तो मोबाईलवरच पाहिला असणार. या बदलात आपल्या अनेक भावांची रोजीरोटी गुंतली आहे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

१९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याबरोबर धंदेही आले. कुणी संच विकू लागला, कुणी गच्चीवर अँटेना बसवू लागला, कुणी दुरुस्तीचे टेबल मांडले. नव्वदच्या दशकात मोहल्ल्यातल्या पोरांनी डिश उभारून गल्लीबोळांतून केबल ओढली. भांडवल थोडे आणि हातात कसब, एवढ्यावर घरे चालली.

मोबाईलवरच्या प्रक्षेपणात हा मधला माणूसच उरत नाही. पॅरिसचे भारतातले हक्क व्हायकॉम १८ कडे होते. टीव्हीवर स्पोर्ट्स १८ आणि मोबाईलवर जिओसिनेमा, तेही फुकट. फुकट म्हणायचे एवढेच, डेटाचे पैसे गिऱ्हाईक भरतच होते! पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झाले. बाजारात दोनाचे एक दुकान झाले की भाव कोण ठरवतो, हे व्यापाऱ्याला आम्ही काय सांगावे?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. हवेतील रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी कंपनीने प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा त्या यादीत आहेत. परंतु २०१७ साली न्यायालयाने या कायद्याचा अर्थ लावला तो असा की, हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवावे, खासगी केबलवरून नाही. मनोरे तर बहुतेक बंद झाले. म्हणजे केबलवाल्याच्या वाट्याला काहीच आले नाही. आमचे न्यायालयाशी भांडण नाही. कायद्याची भाषाच तशी आहे आणि ती बदलणे संसदेचे काम आहे. मोबाईलवरचे प्रक्षेपण तर त्या कायद्यात बसतच नाही, कारण २००७ साली ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

हे फक्त आपल्याकडे घडते आहे असे नाही. लंडनच्या २०१२ च्या स्पर्धेत बीबीसीने २४ वाहिन्यांवरून सर्व खेळ दाखवले. पुढे युरोपचे हक्क डिस्कव्हरीने १.३ अब्ज युरोंना घेतले आणि टोकियोच्या वेळी त्याच बीबीसीला एका वेळी दोनच थेट प्रक्षेपणे दाखवण्याची मुभा उरली. बाकीचे पाहायचे तर वेगळी वर्गणी.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरल्या आहेत. खेळ आपल्या देशात, वेळ आपल्या सोयीची. त्याआधी २००७ च्या कायद्यात केबल आणि मोबाईल दोन्हींचा समावेश व्हावा, अशी आमची मागणी आहे. केबलवाल्यांच्या संघटनांनी यासाठी आपापल्या खासदारांना आतापासून भेटावे. स्पर्धा तोंडावर आल्यावर निवेदने देऊन काही होत नाही.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही, एकदा डबा आणि छत्री घेतली की झाले. भिवंडी-मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारागिराला हे परवडते, आणि बसवायला, पावसाळ्यानंतर दिशा जुळवायला माणूस लागतोच. जुन्या अँटेनावाल्यांनी हे काम सोडू नये. चहाच्या हॉटेलवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे. मोबाईलची वर्गणी घरापुरती असते. दुकानात मोठा पडदा लावून गिऱ्हाईक जमवायचे असेल तर हक्क घेणाऱ्या कंपनीकडे आधी चौकशी करावी आणि परवानगी लेखी घ्यावी. २०२८ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे. तिथे संध्याकाळचे सहा वाजतील तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळचे साडेसहा झालेले असतील, म्हणजे पहिल्या चहाची वेळ. ज्यांना पडदा लावायचा आहे त्यांनी हा हिशेब धरून चालावे.